वीतभर पट्टा

"आता लक्ष डाव्या पायाच्या अंगठ्याकडे न्या," बाई म्हणाल्या, आणि भिंगरीचं लक्ष थेट घरच्या शेगडीकडे गेलं. दूध उतरवलं होतं, पण बटण फिरवलं का? फिरवलं असणार. नसेल तर सासूबाई बघतील. पण सासूबाईंना हल्ली वास कुठे येतो? आणि नवरा पुढच्या खोलीत पंपांच्या जळक्या मोटारींना तारा गुंडाळत बसलेला, त्याला वार्निशखेरीज दुसरा वास ठाऊक नाही.

"अंगठ्यात काय जाणवतंय ते फक्त पाहा. काहीच जाणवत नसेल, तर जाणवत नाही हे पाहा."

भिंगरीने पाहिलं. अंगठ्याला काही म्हणायचं नव्हतं.

नर्सिंग कॉलेजच्या हॉलमध्ये चाळीस चटया पसरलेल्या आणि चाळीस विद्यार्थिनी त्यांवर उताण्या पडलेल्या. एकोणचाळीस जणी विशी-एकविशीच्या, आणि एक भिंगरी, चव्वेचाळीस वर्षं आठ महिन्यांची. सजगतेचा हा वर्ग प्राचार्यांनी यंदाच सुरू केला होता. गेल्या वर्षी परीक्षेच्या आठवड्यात वसतिगृहाचा पार दवाखाना झाला होता. कुणाला ताप, कुणाचं तोंड आलेलं, कुणाच्या ओठावर पुरळ, आणि खोकल्याचा तर असा सूर लागलेला की एक थांबली की दुसरी उचलायची. पहिल्या दिवशी बाईंनी समजावून सांगितलं होतं की शरीराचे स्वतःचे पहारेकरी असतात, आणि मन महिनोन्महिने ताणावर राहिलं की त्या पहाऱ्यात ढिलाई येते. ताण काही कुणी काढून घेऊ शकत नाही, पण त्याच्याशी कसं वागायचं ते शिकता येतं. आठ आठवड्यांचा वर्ग. सुरुवातीला सगळ्यांचं रक्त तपासलं होतं, परीक्षेनंतर पुन्हा तपासणार होते. फरक पडतो का ते बघायचं होतं. मुली वर्गाला 'डोळेमिटणी' म्हणायच्या आणि निम्म्या जणी चक्क घोरायच्या.

भिंगरी घोरत नसे. घोरायला आधी पडून राहता यायला हवं. हे नाव तिच्या वडिलांनी ठेवलेलं. चालायला लागल्यापासून पोरीच्या पायाला भिंगरी, म्हणून भिंगरी. पुढे इस्पितळात कुणीतरी ते ऐकलं आणि तिथेही तेच चिकटलं. लहान मुलांच्या वॉर्डात ती सोळा वर्षं मावशी होती. खाटा पुसणं, भांडी देणं, पोरांना आंघोळ घालणं, रडणाऱ्या आयांना बाहेर नेऊन पाणी पाजणं. या सोळा वर्षांत तिला एका जागी बूड टेकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. डोळेमिटणीच्या पहिल्याच दिवशी ती मधेच उठली होती आणि दाराबाहेरच्या चाळीस जोड चपला ओळीने लावून आली होती. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी उठावंसं वाटलं की ते वाटणं कुठे सुरू होतं ते बघा. मग खुशाल उठा."

मावशीची नर्स होण्याची वाट तिला वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांनी दाखवली होती. इस्पितळाची तशी योजनाच होती. दहा वर्षं नोकरी झालेल्या बाईने सकाळी कॉलेज करायचं, दुपारी आपली ड्यूटी, आणि पंचेचाळीस पुरी व्हायच्या आत शेवटची परीक्षा पास व्हायची. अर्ज सिस्टरांनी स्वतः भरून समोर ठेवला होता आणि सही कर म्हणून दम दिला होता. लेखी परीक्षा तिने कशीबशी काढली. प्रात्यक्षिकात मात्र गेल्या खेपेला गाडं अडलं. परीक्षक बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि हिच्या हातांना असा कंप सुटला की चिमटा खाली पडला. पडला तर पडला, पण सोळा वर्षं फरशीवरचं उचलत आलेला हात तो. त्याने चिमटा उचलला, अॅप्रनला पुसला आणि निर्जंतुक ताटात परत ठेवून दिला. नापास व्हायला तेवढं पुरे होतं. आता सोमवारी दुसरी खेप, आणि तीच शेवटची. तिसरी खेप सहा महिन्यांनी येणार आणि भिंगरीची पंचेचाळीशी चार महिन्यांनी भरणार.

"आता छातीचा पिंजरा. डावी बाजू. श्वास घेताना काय होतं?"

श्वास घेताना जळलं. बरगडीखाली, पाठीच्या कण्यापासून पुढे पोटाच्या मध्यापर्यंत, वीतभर रुंद पट्टा. कुणी गरम इस्त्रीची कड हलकेच फिरवून न्यावी तसा. आतल्या कपड्याची पट्टी रुतली असेल, असं भिंगरीला वाटलं. एरवी तिने तेवढंच म्हणून सोडून दिलं असतं. सात आठवडे झाले होते, बाईंचं बोलणं थोडंफार अंगात मुरलं होतं. तिने नुसतं पाहिलं. पट्टा कण्याशी सुरू होत होता आणि पोटाच्या बरोबर मध्यावर, रेघ ओढावी तसा थांबत होता. उजवीकडे काही नाही.

वर्ग सुटल्यावर शेजारच्या चटईवरच्या पोरीने विचारलं, "काकू, झोप लागली का?" ही वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. पुस्तकाचं पान नंबरासकट म्हणून दाखवायची, म्हणून तिला सगळे पोपट म्हणायचे. परीक्षा जवळ आली की तिचं तोंड इतकं यायचं की ती घोकायचीसुद्धा ओठ न हलवता. भिंगरी म्हणाली की झोप कसली, शेगडीच डोळ्यांसमोर होती. मग दोघी प्रात्यक्षिकाची पायरीन् पायरी म्हणत फाटकापर्यंत गेल्या.

घरी शेगडी बंद होती.

शुक्रवार, शनिवार, रविवार अभ्यासाची सुट्टी. वॉर्डातली ड्यूटी परीक्षेसाठी मागच्या रविवारपासूनच बंद होती, आता कॉलेजही नाही, त्यामुळे भिंगरीच्या हातापायांना काम उरलं नाही, आणि ते तिला अभ्यासापेक्षा जड गेलं. ती पुस्तक घेऊन उभी राहायची, दोन ओळी वाचायची आणि फडताळ पुसायला लागायची. नवरा समोर बसून तांब्याची तार गुंडाळत असायचा. वेढे मोजायचे म्हणून तो कुणाशी बोलत नसे. मधे कुणी हाक मारली की बोट उभं करून थांबायला सांगायचा. भिंगरीने एकदा बाईंना सांगितलं होतं की आमच्या घरात एक माणूस रोज आठ तास डोळेमिटणीच करतो, फक्त डोळे उघडे ठेवून.

संध्याकाळी सासूबाईंच्या गुडघ्याची पाळी. दोन वर्षं त्या धडधाकट गुडघ्यावर रोज मलमपट्टी होत होती. सासूबाई पाय लांब करून बसायच्या, कण्हायच्या, कधी उगाच "सिस्टर, दुखतंय" म्हणायच्या, आणि सुनेचं काही चुकलं की डोळा मिटून पायानेच तिला ढोसायच्या. हात धुणं, ताट लावणं, आतून बाहेर पुसणं, पुसलेला बोळा पुन्हा न वापरणं, हे सगळं ऐकून ऐकून त्यांना पाठ झालं होतं. रविवारी सुनेचा हात एकदाही चुकला नाही. सासूबाईंनी पाय आवरून घेतला आणि म्हणाल्या, "झाला माझा गुडघा बरा."

बरगडीखालचं जळणं मात्र थांबत नव्हतं. शुक्रवारी कपडा लागला तरी नको वाटायचं. शनिवारी मधूनच सुई टोचल्यासारखी कळ यायची. ती कुणाला काही बोलली नाही. परीक्षेआधी कुणाच्या अंगात काही ना काही होतंच, त्याचं काय सांगायचं?

सोमवारी सकाळी आंघोळ करताना बोटांना खरखर लागली. आरशात बघितलं तर त्या पट्ट्यावर, पाठीच्या बाजूला, तीन बारीक लाल पुटकुळ्या. मोहरीएवढ्या. आणि मागे जरा लाली.

तिने सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला आणि निर्वाळा दिला की घामोळं आहे. नवऱ्याला दाखवलं. त्याला मुंगी चावल्याची खूण वाटली. तीन पुटकुळ्या बघून दुसरं कुणी काय म्हणणार? पण भिंगरी तिथेच खाली बसली. चार दिवस जळतंय. एकाच बाजूला. कण्यापासून मध्यापर्यंत, पलीकडे सूतभरही नाही. लेखीत हा प्रश्न आला होता आणि तिने तो लिहिला होता. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचे जंतू जात नाहीत, मज्जातंतूत मुरून बसतात. माणूस थकला, पहारा ढिला पडला, की त्याच वाटेने नागीण होऊन बाहेर येतात. आधी आग, मग पुरळ. आणि त्या पुरळातल्या पाण्यातून, ज्याच्यात प्रतिकाराचं बळ नाही त्याला सरळ कांजिण्या होतात.

परीक्षा तिच्याच वॉर्डात होती. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात. तिथल्या पोरांच्या पांढऱ्या पेशी औषधांनी पार खाली आणलेल्या असतात.

"नागीण आहे ही," ती म्हणाली.

"कशावरून?" सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टर झालीस का? तीन फोड आलेत आणि नागीण म्हणे. वर चांगला जाड कपडा बांध, वर युनिफॉर्म, वर ते तुमचं अॅप्रन. एक तासाचं काम. तासाभरात काय होतंय?"

नवरा तारेचं रीळ हातात धरून दारात उभा होता. त्याने रीळ खिडकीत ठेवलं. मग म्हणाला, "तू सांगशील तसं. पण आधी नीट बघ. भीतीनेही माणसाला नाही नाही ते दिसतं."

यातली गोम अशी की तो खरं तेच बोलत होता. गेल्या खेपेला हात थरथरले, या खेपेला अंगच पाठ फिरवतंय, असंही असेल. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी तिची परीक्षा. भिंगरी उठली, अंगणात गेली, परत आली, पुन्हा गेली. तिला पहिल्यांदाच त्या सजगतेच्या बाईंचा राग आला. गुरुवारी तिथे पाहायला लावलंच नसतं, तर तिने पट्टीला दोष देऊन चार दिवस काढले असते, आणि आज घामोळं म्हणून पावडर टाकून गेली असती. खोटं बोलावं लागलं नसतं. माहीतच नसतं तर खोटं कसलं? आता डोळे मिटले तरी तो पट्टा दिसत होता.

तिने निर्जंतुक कापडाची घडी घेतली, पुटकुळ्यांवर ठेवली, वरून चिकटपट्टी मारली. युनिफॉर्म घातला. सासूबाईंच्या पाया पडली आणि निघाली. जाताना तिचं ठरलेलं काहीच नव्हतं. रस्ताभर ती इतकी भरभर चालली की वीस मिनिटांची वाट बारा मिनिटांत संपली, आणि परीक्षेला अर्धा तास उरला. मग ती इस्पितळाच्या भिंतीला भिंतीला धरून दोन फेऱ्या मारून आली.

वॉर्डच्या काचेच्या दाराआधी एक लहान खोली आहे. तिथे चपला काढायच्या, हात धुवायचे, मास्क लावायचा. सकाळच्या सहा परीक्षार्थी तिथे भिंतीला टेकून उभ्या होत्या. पोपटचे ओठ मिटलेले, पण गळा हलत होता. परीक्षक बाई दुसऱ्या गावच्या कॉलेजातून आलेल्या, उंच, करड्या केसांच्या, आवाज खालचा. मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या. भिंगरीकडे बघून त्यांनी मान इतकी बारीक हलवली की ती दुसऱ्या कुणाला दिसली नसती. काळजी करू नकोस, असा त्याचा अर्थ.

कुणी कुठल्या मुलाच्या गळ्याजवळच्या नळीची पट्टी बदलायची, त्याच्या चिठ्ठ्या एका वाटीत होत्या. भिंगरीने चिठ्ठी उचलली. सात.

सात नंबरच्या खाटेवर सहा वर्षांची मुलगी होती. दोन महिन्यांपूर्वी आली होती. केस गेल्यावर तिने आरसा मागितला नाही, भिंगरीला विचारलं की माझं डोकं कसं दिसतं, आणि भिंगरीने सांगितलं की छान, वाटोळं आहे, बटाट्यासारखं नाही. तेव्हापासून आंघोळीला तिला दुसरं कुणी चालत नसे. या आठवड्यात तिच्या पेशी अगदी तळाला असणार होत्या. वॉर्डात आठवड्याआधीपासूनच हा हिशोब सगळ्यांना माहीत असतो.

भिंगरी बेसिनपाशी गेली. नळ सोडला. बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं. हात थरथरत नव्हते. तिला स्वतःलाच नवल वाटलं. गेल्या वेळी या क्षणी तिला दाराची कडी दिसत नव्हती. आज ती आत गेली असती तर पट्टी बदलून, ताट आवरून, मुलीला हसवून बाहेर आली असती. पास झाली असती. हे तिला पक्कं कळलं, आणि त्याच वेळी चार वर्षांपूर्वीची तीन नंबरची खाट आठवली. त्या मुलाला भेटायला त्याचा काका आला होता. काकाच्या घरी त्याच्या पोराला कांजिण्या, काकाच्या अंगावर अजून काही उठलेलं नव्हतं, आणि बिचाऱ्याला माहीतही नव्हतं. पंचवीस दिवसांनी ती रिकामी खाट भिंगरीनेच पुसली होती.

काकाला माहीत नव्हतं. हिला होतं.

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि परीक्षक बाईंपाशी गेली.

"मॅडम, मला आत जाता येणार नाही."

"का? तयारी नाही?"

"तयारी आहे. अंगावर नागीण उठतेय."

परीक्षक बाईंनी तिला पडद्याआड नेलं, कापड बाजूला करायला सांगितलं, हात न लावता वाकून बघितलं. "एवढ्याच? तीन? हे साधं पुरळही असू शकतं," त्या म्हणाल्या. मग सरळ होत म्हणाल्या, "तुमची खात्री आहे?"

माघारीचं दार अजून उघडं होतं. भिंगरीला ते दिसत होतं. नाही म्हटलं असतं तर कुणी तिला खोटं ठरवलं नसतं.

"गुरुवारपासून जळतंय," ती म्हणाली. "एकाच बाजूला. कण्यापासून इथपर्यंत. मध्यावर थांबतं. पुरळ आज आलं."

"तुम्हाला कल्पना आहे ना, यादीत गैरहजर लागेल. मला दुसरं काही लिहिता येत नाही."

"हो."

"वॉर्डात शेवटचं कधी गेला होता?"

"नऊ दिवस झाले. आज दाराच्या आत पाऊल टाकलेलं नाही. हे बेसिन तेवढं पुसून घ्यायला सांगा."

परीक्षक बाईंनी तिच्याकडे बघितलं. "तोंडी परीक्षेत मी हाच प्रश्न विचारते," त्या म्हणाल्या. "बऱ्याच जणींना आधीची आग आठवत नाही." एवढं बोलून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढची चिठ्ठी काढायला गेल्या.

मोठ्या सिस्टरांनी तिला दंडाला धरून मागच्या जिन्याने खाली नेलं. अर्ध्या जिन्यावर थांबल्या. मग म्हणाल्या, "काल सांगितलं असतंस तर मी काहीतरी केलं असतं गं." भिंगरी म्हणाली की काल दिसतच नव्हतं. सिस्टरांनी हातातली पेन्सिल कठड्यावर दोनदा आपटली आणि त्वचेच्या डॉक्टरांचं दार वाजवलं.

डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं की नागीणच. दुसऱ्या दिवशी सकाळी तर आंधळ्यालाही कळलं असतं. कण्यापासून पोटापर्यंत फोडांचे घोस लागले होते. दिवसातून पाच वेळा गोळ्या आणि खपल्या पडून सुकेपर्यंत घरी. ताणाने आलं का, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले की ताण असतो, वय असतं, झोप कमी असते, नक्की एकच बोट कशावर ठेवणार?

पुढचे तीन आठवडे भिंगरीच्या आयुष्यातले सगळ्यांत लांब. दुखायचं असं की अंगावर सुती कपडाही विस्तवासारखा लागायचा, आणि उठून चाललं तर आणखी. पडून राहण्याखेरीज गत्यंतर नव्हतं आणि पडून राहणं तर तिला जन्मात जमलं नव्हतं. ती कूस बदलायची, उठायची, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायची, कळ आली की परत येऊन पडायची. नवऱ्याने तिचं अंथरूण पुढच्या खोलीत, आपल्या कामाच्या मेजाशेजारी आणून टाकलं. वेढे मोजणं सोडून तो मधून मधून बोलायला लागला, त्यामुळे त्या महिन्यात दोन मोटारींचे वेढे चुकले आणि त्या पुन्हा उसवाव्या लागल्या.

फोडांवरची पट्टी सासूबाई बदलायच्या. लहानपणी त्यांना कांजिण्या येऊन गेलेल्या, तेव्हा भीती नव्हती. पहिल्या दिवशी भिंगरी कण्हत कण्हत सांगू लागली की आधी हात, मग ताट. सासूबाईंनी तिला गप्प केलं. नखांपासून मनगटापर्यंत हात धुतले, ताट लावलं, बोळा भिजवला, आतून बाहेर पुसला आणि टाकून दुसरा घेतला. कुठेही घाई नाही, कुठेही चूक नाही. दोन वर्षं गुडघा पुढे करून बसलेली बाई सगळं शिकून बसली होती. "परीक्षेला मीच बसायला हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यावर दोघी हसल्या. हसताना बरगडीत कळ आली, आणि मग भिंगरी जी रडू लागली ती बराच वेळ थांबली नाही. सासूबाई चिकटपट्टीचं टोक बोटावर धरून तशाच बसून राहिल्या.

सजगतेच्या बाईंचा फोन आला. त्यांना फार वाईट वाटत होतं. आठ आठवडे वर्ग घेतला आणि त्यातल्याच एकीचं असं झालं, म्हणजे आपलं काही चुकलं का, असं त्या विचारत होत्या. भिंगरीने त्यांना खरं ते सांगितलं. सोमवारी सकाळी तुमच्यावर फार रागावले होते, म्हणाली. बाईंनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही दाखवलंत म्हणून दिसलं ना." मग रक्ताच्या दुसऱ्या तपासणीला यायचं नाही ना, असं भिंगरीनेच विचारलं. बाई म्हणाल्या की नाही, आता तुमचं रक्त हिशोबात धरता येणार नाही.

पोपट एकदा भेटायला आली. पास झाली होती, वर्गात दुसरी. पण ते सांगताना तिला अपराध्यासारखं होत होतं. भिंगरी गेल्यावर सात नंबरची चिठ्ठी परत वाटीत गेली आणि ती हिला आली होती. पट्टी कशी बदलली ते भिंगरीने विचारलं, नळी कुठून धरली, मुलगी रडली का. पोपटने सगळं सांगितलं. मुलगी रडली नव्हती, पण हात घट्ट मिटून बसली होती आणि बटाट्यासारखं म्हणजे काय, असं विचारत होती. पोपटला काही कळलं नव्हतं.

मोठ्या सिस्टर आणि प्राचार्य दोघांनी मिळून वर अर्ज केला. आजारपण खरं आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, परीक्षक बाईंनीही आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या आहेत, तेव्हा एक खेप वाढवून द्यावी. उत्तर दोन महिन्यांनी आलं. पाच ओळींचं. वयाची अट सर्वांना सारखी आहे, आणि आजारपणाचे दिवस वयातून वजा करता येत नाहीत. नवऱ्याने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं की फाडू का ठेवू. ती म्हणाली ठेव. कशाला ते तिलाही सांगता आलं नसतं.

पण ते नंतर. त्याआधी, खपल्या पडून गेल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, एका बुधवारी दुपारी ती वॉर्डात परत आली. मावशीच्या निळ्या कपड्यांत. काचेच्या दाराआधीच्या खोलीत हात धुतले, मास्क लावला आणि कोमट पाण्याचं भांडं घेऊन पहिल्या खाटेपासून सुरुवात केली. खाटांशी बसलेल्यांना तिच्या परीक्षेचं काही माहीत नव्हतं. आया आपापल्या मुलांमध्ये बुडालेल्या असतात, त्यांना कोण कधी परीक्षेला बसलं याचं काय?

सात नंबरची मुलगी झोपली होती. चेहरा सुकला होता, पण खाटेच्या पायथ्याच्या कागदावर पेशींचा आकडा चार दिवसांपासून वर चढत होता. शेजारी आई बसली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. भिंगरीला बघून ती उठली, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंदाऐवजी संताप आला.

"कुठे होतात इतके दिवस?"

"घरीच."

"हिला सहा दिवस ताप होता. पेशी तळाला. आंघोळीला कुणाला हात लावू देईना, नुसती तुमचं नाव घ्यायची. आणि तुम्ही सुट्टीवर. अशा वेळी तरी सुट्टी घेऊ नये माणसाने."

भिंगरीने भांडं स्टुलावर ठेवलं.

"खरंय," ती म्हणाली. "चुकलंच."

आईने नाक पुसलं आणि पलीकडे बघत राहिली. भिंगरीने पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, फडकं पिळलं, आणि गळ्याजवळच्या नळीला धक्का लागणार नाही अशा बेताने मुलीचा हात अलगद वर उचलला.